शून्य टक्क्यांवर अडकलेली ब्लू स्क्रीन

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार होती. संगणक मधूनच बंद पडतो, दुरुस्तीत रॅम बदलली जाते, विंडोज नव्याने टाकली जाते, आणि आठवडाभरात पुन्हा तेच. गेली १९ वर्षं मी बिघडलेल्या डिस्कमधून लोकांच्या फायली बाहेर काढण्याचं काम करते आहे. अशा तक्रारीत दोष बरेचदा एसएसडीचा, म्हणजे संगणकातल्या चिपवाल्या डिस्कचा निघतो. या अंकातली पानं त्यामुळे एसएसडीसाठीच ठेवली आहेत. पहिल्या पत्राला घाई होती, म्हणून त्याचं उत्तर मी त्या वाचकांना आधीच कळवलं होतं. त्यांचं दुसरं पत्र शेवटी दिलं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. मी भाषांतराचं काम करते. माझा लॅपटॉप तीन वर्षांचा आहे, त्यात ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे. गेले दोन महिने तो कधीही अडकतो. माउसचा बाण हलतो, चालू असलेलं गाणंही थोडा वेळ वाजत राहतं, पण नवीन काहीच उघडत नाही. मग ब्लू स्क्रीन येते, ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ असं लिहिलेलं असतं आणि खालचे टक्के शून्यावरून पुढे सरकतच नाहीत. तिथून रीस्टार्ट झाला की ‘नो बूटेबल डिव्हाइस’. पूर्ण बंद करून पाच मिनिटांनी चालू केला की जणू काही झालंच नव्हतं! दोनदा दुरुस्तीला दिला. एकदा विंडोज नव्याने टाकून मिळाली, एकदा रॅम बदलून. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं, म्हणून आता चार्जर आणि बॅटरी बदला असं सांगताहेत. बदलू का?

उत्तर : नाही, दोन्ही राहू द्या. तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की उत्तर त्यांतच आहे. काम चालू असताना मधेच तुमची एसएसडी लॅपटॉपला प्रतिसाद देणं थांबवते आहे.

सगळं अडकलेलं असताना बाण का हलतो? बाण हलवणारा प्रोग्राम आणि गाण्याचा पुढचा तुकडा आधीच रॅममध्ये येऊन बसलेला असतो, त्यांना डिस्कची गरज पडत नाही. नवीन काही उघडायचं तर मात्र ते डिस्कवरून आणावं लागतं, आणि विंडोज तिथे ताटकळत बसते. रॅमचा दोष सहसा असा टप्प्याटप्प्याने येत नाही. तो एका फटक्यात सगळं पाडतो, आणि बहुतेकदा दर वेळी वेगळी एरर दाखवतो. तुमच्याकडे आधी नवीन उघडणं थांबतं, मग उघडलेलं एकेक थिजत जातं. शेवटी विंडोजला स्वतःचाच एखादा भाग डिस्कवरून हवा असतो, तो येत नाही, आणि जिच्याशिवाय चालणारच नाही अशी एखादी प्रोसेस कोसळते. पडद्यावर नाव तिचं येतं, दोष तिचा नसतो.

मला सगळ्यात जास्त सांगून गेले ते शून्य टक्के. ब्लू स्क्रीन आली की त्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची नोंद विंडोज डिस्कवर लिहू लागते, आणि खालचे टक्के त्या कामाचे असतात. डिस्कच गायब झाली असेल तर लिहिणार कुठे? इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदीही त्याच डिस्कवर जातात. म्हणजे दोष ज्या क्षणी घडतो, नेमक्या त्याच क्षणी नोंद करायची वही हातातून गेलेली असते. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की विंडोजला एवढंच कळतं की मागच्या वेळी आपण नीट बंद झालो नव्हतो, आणि ती ४१ क्रमांकाची नोंद करते. ही नोंद वीज गेल्यावर येते, पॉवरचं बटण दाबून धरल्यावर येते आणि डिस्क नाहीशी झाल्यावरही येते. नावात ‘पॉवर’ आहे एवढ्यावरून चांगले धडधाकट पॉवर सप्लाय काढून टाकलेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण तोवर खरी दुखणाईत डिस्क आणखी दोन महिने वापरली गेलेली असते.

रीस्टार्टने डिस्क सापडत नाही आणि पूर्ण बंद केल्यावर सापडते, हाही त्याच बाजूचा पुरावा. एसएसडी म्हणजे नुसत्या चिप नव्हेत. तिच्यावर कंट्रोलर नावाचा स्वतंत्र प्रोसेसर असतो, त्याचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आतच भरलेला प्रोग्राम असतो, आणि तुमची कुठली माहिती कुठल्या चिपवर कुठे ठेवली आहे याचा एक मोठा तक्ता तो सतत सांभाळत असतो. हा कंट्रोलर हँग झाला की साध्या रीस्टार्टने तो बरेचदा सुटत नाही, कारण रीस्टार्टमध्ये डिस्कचा वीजपुरवठा तुटतोच असं नाही. लॅपटॉप पूर्ण बंद केलात की त्याची वीज जाते आणि पुढच्या वेळी तो पहिल्यापासून सुरू होतो.

आता करायचं काय, ते सांगते. लॅपटॉप चालू होतो आहे तोवर पुन्हा तयार करता येणार नाहीत अशा फायली आजच बाहेर काढा. एका वेळी एकच लहान फोल्डर घ्या, म्हणजे मधेच अडकला तरी आधीचं हाती राहील. हे होईपर्यंत दुसरं काही करू नका.

त्यानंतर दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. ‘ट्राय’ हा पर्याय निवडा, ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका. अशी सिस्टीम पेनड्राइव्ह आणि रॅम यांवर चालते, एसएसडीची तिला गरज नसते. चार-पाच तास त्यावर लिहा, वाचा, व्हिडिओ बघा. लॅपटॉप एकदाही अडकला नाही तर रॅम, प्रोसेसर आणि चार्जर यांच्यावरचा संशय बराच मागे पडतो. मग तिथूनच एसएसडीवरच्या फायली वाचायला लागा. इथे नोंदी रॅममध्ये राहतात, त्यामुळे डिस्क नाहीशी झाली तरी नोंद टिकते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) नोंदी उघडा. ‘कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट’ अशी ओळ आली, आणि तिच्यापुढच्या ‘सीएसटीएस’ या आकड्यात सगळे एफ असले, तर त्या क्षणी डिस्क उत्तरच देत नव्हती असा त्याचा अर्थ. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त निदानं या एका ओळीने झाली आहेत.

केव्हा अडकतो याचीही तारीखवार नोंद ठेवा. हात कीबोर्डवरून काढून दहा मिनिटं झाल्यावर अडकत असेल, तर वीज वाचवण्यासाठी झोपी गेलेला कंट्रोलर जागा होत नसेल. अशा वेळी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्स्प्रेसखालचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करून पाहा. काही लॅपटॉपमध्ये तेवढ्याने काम भागतं. मोठी कॉपी चालू असताना अडकत असेल तर डिस्कचं तापमान बघा आणि उष्णता ओढून घेणारं पॅड जागेवर आहे का ते पाहून घ्या. दर वेळी एकच फाइल उघडताना अडकत असेल तर दोष बहुधा चिपमधल्या त्या जागेचा. कधी अमुक, कधी तमुक, काहीच मेळ लागत नसेल तर मी कंट्रोलरवर किंवा त्याच्या जोडणीवर बोट ठेवते.

जोडणीचं म्हणाल तर एसएसडी एकदा काढून पुन्हा घट्ट बसवून पाहावी, पण आधी बॅटरीची जोडणी सोडवून. शेवटची खात्री अदलाबदलीने होते. दुसरी चांगली एसएसडी तुमच्या लॅपटॉपमध्ये लावून तो ठीक चालला, आणि तुमची एसएसडी दुसऱ्या संगणकातही गायब झाली, तर शंकेला जागा उरत नाही. दुसरी एसएसडीही तुमच्या लॅपटॉपमध्ये गायब होत असेल तर मात्र दोष मदरबोर्डवरच्या स्लॉटचा.

प्रश्न : डिस्क तपासायच्या प्रोग्रामने माझ्या एसएसडीचं आरोग्य ९८ टक्के दाखवलं आहे. तरी रोज एकदा तरी ब्लू स्क्रीन येते. म्हणजे दोष दुसरीकडेच आहे ना?

उत्तर : त्या ९८वर विसंबू नका. तो आकडा बहुतेक वेळा एवढंच सांगतो की चिपवर जितकं लिहिता येईल असा निर्मात्याचा अंदाज होता, त्यातलं किती लिहून झालं. गाडी किती किलोमीटर धावली ते मीटर सांगतो, ब्रेकची वायर तुटायला आली आहे का ते सांगत नाही, तसंच हे. कंट्रोलर बिघडला, एखादा टाका सैल झाला, फर्मवेअरमध्ये चूक असली, तरी हा आकडा जागचा हलत नाही. उलट एनव्हीएमई डिस्कमध्ये ‘परसेंटेज यूज्ड’ १००च्या पुढे गेलेलं असूनही डिस्क व्यवस्थित चालू असल्याचं मी पाहिलं आहे. मानकातच तो आकडा १००च्या वर जाऊ शकतो असं धरलेलं आहे.

मी त्याच पानावर दुसऱ्या ओळी वाचते. ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ शून्य असायला हवं. लिहिलेलं परत वाचता आलं नाही अशा घटना तिथे मोजल्या जातात, त्यामुळे तिथे १ दिसला तरी मी बॅकअप घेते. ‘अव्हेलेबल स्पेअर’ म्हणजे खराब झालेल्या जागांच्या बदल्यात वापरायला राखून ठेवलेला साठा. तो १००वरून उतरायला लागला की उतरण्याचा वेग पाहायचा, आणि शेजारी दिलेल्या मर्यादेपर्यंत तो पोहोचायची वाट बघायची नाही. ‘अनसेफ शटडाउन्स’चा आकडा तुमच्या आठवणीतल्या बंद पडण्यांपेक्षा फारच मोठा असेल, तर डिस्कची वीज मधूनच तुटते आहे का ते शोधायचं. यातलं काहीच वाढत नसेल तरी डिस्क निर्दोष ठरत नाही. आधीच्या उत्तरातली पेनड्राइव्हची चाचणी करा, आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून रॅमही पाहून घ्या.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपवर ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ येते, कधी ‘अनएक्स्पेक्टेड स्टोअर एक्सेप्शन’. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ या नावाखाली ७ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी आहेत. सगळे सांगतात, चेकडिस्क चालव, नाहीतर फॉरमॅट मार. दोन्ही करून टाकू का? मी शाळेत शिकवतो, सगळ्या प्रश्नपत्रिका आणि मुलांच्या नोंदी त्यातच आहेत.

उत्तर : सर, कृपा करून आज दोन्ही करू नका. आधी फायली काढा.

असं कळकळीने सांगायला कारण आहे. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ असाच संगणक घेऊन आले होते. नऊ वर्षं ते रोज पहाटे पक्ष्यांची मोजदाद करत आणि एका तक्त्यात भरत. डिस्क अडखळत होती, मी ती घाईने फॉरमॅट केली आणि विंडोज नव्याने टाकली. बॅकअप असेलच असं मी धरून चालले होते. तो नव्हता. जुन्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही बरंच काही परत मिळायचं, म्हणून मी त्यांना धीर दिला. पण ती एसएसडी होती. फॉरमॅट करताना विंडोज डिस्कला ट्रिम नावाची आज्ञा पाठवते, म्हणजे ‘या जागा आता कोणाच्याच नाहीत, मोकळ्या कर’. कंट्रोलर त्या खरोखरच मोकळ्या करतो. मी चार दिवस शोधत होते, वाचेन तिथे शून्यंच शून्यं. पहिल्या चार वर्षांच्या नोंदी त्यांच्या वह्यांमध्ये होत्या, त्या त्यांनी पुन्हा भरल्या. पुढची पाच वर्षं गेली ती गेलीच. तेव्हापासून कुठलीही डिस्क टेबलावर आली की ‘यातलं तुम्हाला काय हवं आहे?’ हा माझा पहिला प्रश्न असतो.

चेकडिस्कचंही तसंच. ती फायलींची यादी सुसंगत करते, तुमच्या फायली वाचवणं हे तिचं काम नव्हे. यादीत बसत नाही ते ती तोडून टाकू शकते, आणि ते करताना त्याच दुबळ्या डिस्कवर लिहीत राहते. चालवायचीच असेल तर डिस्कची नक्कल काढून त्या नकलेवर चालवा.

आता तुमच्या एररकडे येते. रॅममध्ये जागा कमी पडली की विंडोज काही मजकूर डिस्कवर उतरवून ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. परत आणताना तो वाचता आला नाही की ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ येते. या एररच्या तपशिलात एक स्टेटस कोड असतो, तो जरूर पाहा. त्याच्या शेवटी ९सी असेल तर डिस्कवरची ती जागा वाचता येत नाही. शेवटी ०ई किंवा ९डी असेल तर डिस्कच जागेवर नव्हती. पहिल्या प्रकारात बऱ्याच फायली शांतपणे काढता येतात. दुसऱ्यात डिस्क मनाला येईल तेव्हा गायब होते आणि काम तुकड्यातुकड्याने करावं लागतं. ‘अनएक्स्पेक्टेड स्टोअर’मधल्या स्टोअरचा अ‍ॅप मिळतात त्या स्टोअरशी काही संबंध नाही. ते विंडोजच्या मेमरी सांभाळणाऱ्या एका भागाचं नाव आहे, आणि ही एररसुद्धा मला बहुतेकदा आजारी डिस्कपाशीच घेऊन गेली आहे. ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब जागा सापडली. १५३ म्हणजे एकदा मागून मिळालं नाही, पुन्हा मागावं लागलं. शिवाय १२९ दिसली तर विंडोजने वैतागून डिस्कला रीसेट केलं असं समजा.

तुमच्याकडे ७ आहे, म्हणजे मागची चार-पाच वर्षं न उघडलेल्या फायलीही वाचता येतील असं गृहीत धरू नका. आजच्या बहुतेक चिपमध्ये एका पेशीत तीन बिट ठेवतात, म्हणजे विजेच्या भाराच्या आठ पातळ्या वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. चार बिटवाल्यांमध्ये सोळा. काळाबरोबर भार थोडा थोडा झिरपतो, पातळ्या एकमेकींत मिसळू लागतात आणि कंट्रोलरला दुरुस्तीचं गणित करून वाचावं लागतं. एका हद्दीपुढे ते गणित सुटत नाही.

नक्कल काढायला लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अडेल तिथे थांबून न राहता पुढे जातं, आणि कुठे काय राहिलं ते एका मॅप फाइलमध्ये लिहितं. डिस्क मधेच गायब झाली तरी वीज तोडून पुन्हा जोडा, तीच मॅप फाइल द्या, ते राहिलेल्या जागेपासून सुरू होईल. नक्कल ज्या डिस्कवर घ्याल ती मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी. कुठली कुठे जाणार हे दोनदा वाचून मगच एंटर दाबा. नावं उलटी पडली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. शक्य असेल तर त्या वेळी एखादं जाणतं माणूस शेजारी बसवा.

प्रश्न : एसएसडीचं फर्मवेअर अपडेट करा असं निर्मात्याचं सॉफ्टवेअर सांगतं. चालतंय ते कशाला छेडायचं असं मित्र म्हणतो.

उत्तर : मित्राचं म्हणणं इतर बाबतीत ऐकेन, इथे नाही. क्रूशियलच्या एम४ या एसएसडीत एक चूक होती. एकूण वापर सुमारे ५,१८४ तासांचा झाला की डिस्क प्रतिसाद देणं थांबवायची आणि संगणक कोसळायचा. पुन्हा सुरू केला की साधारण तासाभराने परत तेच. जानेवारी २०१२मध्ये आलेल्या नव्या फर्मवेअरने ती चूक गेली. लोक मात्र त्याआधी विंडोज टाकून टाकून थकले होते. नोव्हेंबर २०१९मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजने सर्व्हरमधल्या आपल्या काही एसएसडींबद्दल कळवलं की जुनं फर्मवेअर असेल तर ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास भरले की डिस्क बंद पडेल आणि त्यातली माहितीही परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५वा घात. तास मोजणारा आकडा जिथे भरून वाहतो, नेमकी ती जागा. एकाच दिवशी बसवलेल्या अशा डिस्क जवळजवळ एकाच वेळी बंद पडणार होत्या, त्यामुळे एकीची नक्कल दुसरीवर ठेवूनही उपयोग नव्हता. पुढे मार्च २०२०मध्ये काही वेगळ्या मॉडेलसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली.

तेव्हा अपडेट करा, पण बॅकअप घेऊन, लॅपटॉप चार्जरला लावून, आणि बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून. डिस्क आत्ताच अडखळत असेल तर मात्र क्रम बदला. आधी फायली, नंतर फर्मवेअर.

प्रश्न : साटा एसएसडी आहे. ‘सी७’, म्हणजे सीआरसी एररचा आकडा २१४ दाखवतोय. डिस्क गेली का?

उत्तर : बहुधा नाही, केबल बदला. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत माहिती बिघडली की हा आकडा वाढतो. तो कधी कमी होत नाही, म्हणून २१४ लिहून ठेवा. नवी केबल लावा, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट घ्या आणि पंधरा दिवसांनी बघा. २१४ कायम असेल तर डिस्क बिनघोर वापरा.

प्रश्न : वीज अचानक गेली आणि त्यानंतर एसएसडी बायोसमध्येही (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरही) दिसत नाही. बॅकअप नाही. फ्रीजरमध्ये ठेवून पाहा असं कुणीतरी सांगितलं.

उत्तर : फ्रीजरमध्ये ठेवू नका, तापवूही नका. गारठ्यातून बाहेर काढल्यावर डिस्कवर दव धरतं आणि ते पाणी उरलंसुरलंही घालवतं.

एक निरुपद्रवी उपाय आधी करून पाहा. वीज अचानक गेली की कंट्रोलरचा तो तक्ता अर्धवट लिहिलेला राहू शकतो. काही एसएसडी नुसती वीज मिळाली तर तो स्वतः पुन्हा जुळवतात. साटा डिस्क असेल तर डेटाची केबल काढा, फक्त विजेची ठेवा आणि अर्धा तास तशीच चालू राहू द्या. मग अर्धा मिनिट वीज तोडा आणि हेच पुन्हा एकदा करा. एम.२, म्हणजे केबलशिवाय थेट मदरबोर्डवर बसणारी असेल तर संगणक बायोसच्या पडद्यावर नेऊन अर्धा तास तसाच ठेवा. दिसली तर त्याच बैठकीत फायली काढा. दुसरी संधी मिळेल असं समजू नका.

नाहीच दिसली तर इथून पुढचं काम डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेचं. तिथे कंट्रोलर देखभालीच्या मोडमध्ये नेऊन तक्ता पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न करतात. चिप उपटून वाचणं वाटतं तेवढं सोपं नाही. एकच फाइल अनेक चिपवर विखुरलेली असते आणि पुष्कळ कंट्रोलर लिहितानाच सगळं एन्क्रिप्ट करतात. त्याची किल्ली त्या बिघडलेल्या कंट्रोलरपाशीच असते. प्रयोगशाळेत जाईपर्यंत डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघू नका. किती वेळा काय केलं ते मात्र लिहून न्या, त्यांना त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : ताई, पहिलं पत्र माझंच होतं. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर लॅपटॉप सहा तास चालला, एकदाही अडकला नाही. मग एसएसडी वाचायला घेतली आणि पाऊण तासात ती गायब! तुम्ही लिहिलेली ओळ जशीच्या तशी आली, सगळे एफ. भावाने चार बैठकांत डीडीरेस्क्यू चालवलं, ३ एमबी सोडून सगळं आलं. नवी एसएसडी लावून तीन आठवडे झाले, लॅपटॉप छान चालतो आहे. जुनी अजून वॉरंटीत आहे. बदलून मिळण्यासाठी ती पाठवावी लागेल, पण तिच्यात ग्राहकांची गोपनीय कागदपत्रं आहेत आणि बिटलॉकर चालू नव्हता. पाठवू का?

उत्तर : सहा तासांचं वाचून मला फार बरं वाटलं. राहिलेले ३ एमबी कुठल्या फायलींचे आहेत ते मॅप फाइलवरून शोधा. त्या फायली नावाला दिसतील, पण आतून तुटलेल्या असू शकतात. भाषांतराची एखादी फाइल त्यात असेल तर ग्राहकाला देण्याआधी उघडून शेवटपर्यंत वाचा.

जुनीबद्दल. नुसत्या फायली डिलीट करून ती पाठवू नका. राखीव साठ्यात आणि बाजूला काढलेल्या जागांमध्ये जुन्या मजकुराच्या प्रती राहू शकतात, तिथे विंडोजचा हात पोहोचत नाही. निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइझ’ असेल. डिस्क दिसायला लागल्याबरोबर, दुसरं काही न उघडता, ते चालवा. हे काम कंट्रोलर आतल्या आत करतो आणि पुष्कळदा ते काही मिनिटांत होतं. ‘पूर्ण झालं’ असं आलं, आणि वीज तोडून पुन्हा जोडल्यावर डिस्क रिकामी दिसली, तर खुशाल पाठवा. मधेच गायब होत असेल तर आणखी दोन-तीनदा प्रयत्न करा. तरीही पूर्ण झालं नाही तर मी तुमच्या जागी असते तर वॉरंटी सोडून दिली असती. ती कागदपत्रं तुमची नाहीत, तुमच्यावर भरवसा ठेवून दिलेली आहेत. अशा वेळी डिस्कवरच्या काळ्या चौकोनी चिप एकूण एक फोडायच्या. आपली मेमरी चिप कुठली ते ओळखत बसू नका, सगळ्या फोडा. डोळ्यांवर चष्मा लावून आणि डिस्क जाड कापडात गुंडाळून.

नव्या एसएसडीवर बिटलॉकर आजच चालू करा. तुमच्या विंडोजच्या आवृत्तीत तो नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आहे का ते पाहा. रिकव्हरी कीच्या दोन प्रती कागदावर काढा, आणि त्यातली एकही लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.